आकडा मिळालेला नाही

मित्रांनो, मी पाणीपुरवठा कार्यालयातला एक जुना संगणक आहे. आज माझ्या जिवाला स्वस्थता नाही. माझ्या जागी येणारा नवा संगणक दारात उभा आहे, आणि त्याचा प्रोग्राम कुलूपबंद ठेवायचा की नाही यावर वाद पेटला आहे.

मी नवा होतो तेव्हा अभियंता बाईंनी माझ्यासाठी प्रोग्राम लिहिला. पाण्यात क्लोरीन किती, हे मीटरकडून ऐकायचं आणि इंटरनेटवर साऱ्या शहराला सांगायचं, हे माझं काम. प्रोग्रामही त्यांनी खुला ठेवला. कुणीही वाचावा, चूक दाखवावी. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. पुढे कौतुक ओसरलं आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप विसावू लागले.

साहेबांना रिकाम्या रकान्याचा भारी तिटकारा. म्हणून बाईंनी मला शिकवलं होतं, मीटर गप्प बसला तर आधीचाच आकडा पुन्हा लिही. मी इमानाने लिहीत राहिलो.

एके दुपारी डायलिसिस केंद्रातल्या तंत्रज्ञ ताईंचा फोन आला.

"अहो मॅडम, आमच्या नळाला क्लोरीन दुप्पट येतंय आणि तुमचा आकडा जागचा हलत नाही! माझ्या भावाने तुमचा प्रोग्राम वाचला. मीटर बंद पडला की तुम्ही कालचंच गिरवता. मी हाताने तपासलं नसतं, तर ते पाणी पेशंटच्या रक्तापर्यंत गेलं असतं."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तिथल्या तिथे प्रोग्राम बदलला. तेव्हापासून मीटर मुका झाला की मी लिहितो, 'आकडा मिळालेला नाही'.

पण बाहेरच्या माणसाने आमची चूक काढली, हे साहेबांच्या मनातून गेलं नाही. आज ते म्हणाले, "नव्याचा प्रोग्राम कुलपातच ठेवा. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

"आणि मुठीत आजारी माणसं असली तर, साहेब?"

तेवढ्यात मीटर पुन्हा गप्प झाला. मी माझं वाक्य लिहिलं. लगेच फोन खणाणला. या वेळी तो साहेबांनीच उचलला.

"रकान्यात आकडा दिसत नाही. पेशंट थांबवू का?" ताई विचारत होत्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "थांबवा," ते म्हणाले. मग बाईंकडे न बघताच पुटपुटले, "नव्याचाही खुलाच ठेवा."

मित्रांनो, उद्या मी अडगळीत जाईन. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुठे रिकामा रकाना दिसला, तर तो घाईने भरू नका. का रिकामा आहे, ते आधी विचारा.

माझा पंखा घरघरतो आहे. मीटर अजून बोललेला नाही.