बुधवारची दुगनाड

लोक मला हट्टी म्हणतात. मी हट्टी नाही. माझं बहुतेक वेळा बरोबर असतं, एवढंच. एकतीस वर्षं मी शाळेचा मुख्याध्यापक होतो आणि बावीस वर्षं आमच्या किनाऱ्यावरच्या गावाच्या, स्कारव्हॉयच्या, पालिकेत सभासद आहे, तेव्हा बरोबर असण्याची मला सवय झाली आहे. बायको, मारित, म्हणते, "हाल्वार, तुझं बरोबर असलं की तू घरात फार पाय आपटत चालतोस." त्या वसंतात मी दोन आठवडे तसाच चालत होतो.

कारण माझा ठराव. त्या वर्षी पेपर उघडला की कोणा ना कोणा पुढाऱ्याच्या भत्त्याची भानगड. एकाने घरभाडं दोनदा लावलं, दुसऱ्याने न केलेला प्रवास लावला. म्हटलं, देशाचं देश बघेल, स्कारव्हॉयची साफसफाई मी करतो. बैठकीचा भत्ता बंद. गाडीखर्च बंद. सभेसाठी रजा घेणाऱ्याचा जो पगार बुडतो तो पालिका भरून देते, त्यालाही कात्री, अगदी नावापुरता ठेवायचा. आणि वर ठळक अक्षरांत मथळा: 'राजकारण ही दुगनाड आहे.'

हा मथळा मला सुचला तेव्हा मी स्वतःवरच खूश होऊन फिरायला गेलो. दुगनाड म्हणजे साऱ्या गावाने मिळून करायचं काम. धक्का दुरुस्त करायचा, समाजगृह रंगवायचं, किनाऱ्यावरचा कचरा उचलायचा. पैसे कोणी मागत नाही. जो येत नाही त्याला कोणी काही बोलत नाही, फक्त वर्षभर लक्षात ठेवतात. आमच्याकडे देवाविरुद्ध बोललेलं एक वेळ खपतं, दुगनाडविरुद्ध नाही. माझ्या ठरावाला विरोध करायला कोण तोंड उघडतंय तेच बघतो, असं मी मनात म्हणत होतो.

तोंड उघडलं तोरुनने. तोरुन मित्ब्यो शाळेची बस चालवते. माझीच विद्यार्थिनी, आणि तीन वर्षांपूर्वी मीच मागे लागून तिला आमच्या पक्षाच्या यादीत आणलेलं. एका दुपारी पोरांना सोडून परत जाताना तिने ती भली मोठी बस माझ्या टपालपेटीशी थांबवली आणि खिडकी सरकवली.

"सर, ठराव वाचला तुमचा."

"मग? कसा वाटला?"

"शुद्धलेखनाची एकही चूक नाही."

"टोमणे नकोत. सरळ बोल."

"सरळच बोलते. हा पास झाला तर मी गेले. आपली सभा बुधवारी सकाळी दहाला. त्या दिवशी बस बदली ड्रायव्हरकडे जाते आणि कंपनी माझा दिवस कापते. तो पालिका भरून देते म्हणून मी येते. उद्या दिला नाहीत तर महिन्याला दोन-तीन दिवस मी कुठून आणू? नवऱ्याने बेर्गेनला दुसरा संसार थाटलाय. घरात दोन पोरं आहेत. त्यांनी काय दुगनाड जेवायची?"

"अगं, निघेल काहीतरी मार्ग."

"कोण काढणार?"

"तोरुन, तू काही पैशासाठी राजकारणात आलेली नाहीस."

"नाहीच आले. पण पैशाशिवाय राहताही येत नाही. या दोन्हींत फरक आहे सर, तुमच्यासारख्या माणसाने मला तो शिकवायला हवा होता, आणि इथे मीच तुम्हाला शिकवतेय." तिने गिअर टाकला. "अर्ज दिलाय मी कारकुनाकडे."

आमच्याकडे सभासदाला मनात आलं म्हणून उठून जाता येत नाही. चार वर्षांसाठी निवडून आलात की आलात. मोकळं व्हायचं तर अर्ज करायचा, आणि त्यावर सभेने हात वर करून होकार द्यायचा. त्या बुधवारच्या विषयपत्रिकेत मग विषय सात माझा ठराव होता, आणि विषय आठ तोरुनचा अर्ज: ठराव मंजूर झाल्यास मला मुक्त करावं. तिच्या जागी आमच्या पक्षाच्या यादीतलं पुढचं नाव येणार होतं, म्हणजे माझा मेहुणा तोर्मोद, बँकेतून निवृत्त झालेला. माणूस चांगला आहे. आणि बुधवारी सकाळी त्याला दुसरं काही काम नसतं.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी स्वतःची समजूत काढली. तत्त्वाच्या गोष्टीत माणसं मध्ये आणू नयेत, असं मी एकतीस वर्षं शिक्षकांना सांगत आलो होतो.

सभेच्या आधीच्या शनिवारी समाजगृह रंगवायची दुगनाड होती. पन्नासेक माणसं, लाल रंगाचे डबे, शिड्या, एका टेबलावर वाफल आणि कॉफी. ऊन छान पडलं होतं. इतकी आयती माणसं समोर असताना मी गप्प बसणं शक्य नव्हतं. मी एका उलट्या पेटीवर चढलो आणि म्हणालो, "बघा आपण इथे कसे आलो आहोत! कोणी पावती मागितली? कोणी पेट्रोलचा हिशेब लावला? मग पालिकेत बसणाऱ्यांनीच तो का लावावा?"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात वाजवल्या कोल्बेन हेस्त्नेसने. कोल्बेनची सॅमन माशांची शेती आहे, समुद्रात पाच पिंजरे आणि दोन बोटी. तो समोरच्या पक्षाचा सभासद आहे, आणि बावीस वर्षांत माझ्या कुठल्याही वाक्याला त्याने टाळी वाजवलेली नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही, कारण मी टाळ्या ऐकण्यात गुंग होतो.

"सर, एक विचारू?" आवाज वरून आला. तोरुन शिडीवर होती, हातात ब्रश.

"विचार की."

"ही दुगनाड शनिवारी का ठेवली?"

"हा काय प्रश्न झाला? शनिवारी सगळ्यांना सुट्टी असते म्हणून."

"आणि बुधवारी सकाळी दहाला ठेवली असती तर?"

मग मासेमार येन्स म्हणाला, "मी तर समुद्रावर असतो बुवा." वृद्धाश्रमातली ओसे म्हणाली, "माझी ड्यूटी." सुतार हसायला लागला. "मला कोण सोडतंय! सर आणि कोल्बेन, दोघंच भिंत रंगवत बसले असते."

"कोल्बेन कशाला रंगवतोय? त्याने माणूस पाठवला असता," येन्स म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. कोल्बेनसुद्धा.

मी नाही हसलो. मी पेटीवरून उतरलो आणि एकाच फळीला तीन वेळा रंग दिला. राग तोरुनचा आला होता असं मला वाटत होतं. पण घरी येऊन हात धुताना कळलं, राग वेगळाच आहे. जो प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता तो एका बस ड्रायव्हरने मला चारचौघांत विचारला होता, आणि शिडीवरून खाली न उतरता.

मी सभासदांची यादी काढली आणि प्रत्येकापुढे त्याचा धंदा लिहिला. आम्ही एकोणीस. पेन्शनवाले, स्वतःच्या धंद्याचे मालक, आणि सभेला गेले तरी ज्यांचा पगार कोणी कापत नाही असे ऑफिसवाले. ज्यांचा दिवस खरोखर कापला जातो असे तिघंच निघाले. माझा ठराव पास झाला की त्या तिघांतला एकही उरणार नव्हता. मी पालिका साफ करायला निघालो होतो, आणि साफ होणार होती तोरुन.

"काय झालं?" मारितने विचारलं. "आज पायांचा आवाज नाही."

"माझं चुकलंय."

ती चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिली. "थांब," ती म्हणाली, "मी खुर्ची घेऊन बसते."

बुधवारी विषय सात आला तसा मी उठलो आणि म्हणालो, मी ठराव मागे घेतो. वाटलं, संपलं. पण आमच्या नियमात एक गोष्ट आहे, आणि ती मीच नव्या सभासदांना शिकवत असतो: मागे घेतलेला ठराव दुसरा कोणीही सभासद उचलू शकतो.

कोल्बेनने हात वर केला. "मी उचलतो."

आणि त्याने माझा ठराव वाचला. संपूर्ण वाचला, सावकाश, चवीने. माझीच वाक्यं माझ्या तोंडावर. मथळा तर त्याने दोनदा वाचला. खरं सांगतो, ऐकायला अजूनही झकास वाटत होता.

मी पुन्हा बोलायला उठलो. "हा ठराव ज्याने लिहिला त्या माणसाला मी सदुसष्ट वर्षं ओळखतो," मी म्हणालो. "त्याला पेन्शन मिळते. तो इथे बसला काय आणि घरी सोफ्यावर बसला काय, पेन्शन येतेच. त्याने औदार्य दाखवलं खरं, पण दुसऱ्याच्या खिशातून."

"म्हणजे आता दुगनाड वाईट का?" कोल्बेनने विचारलं.

"दुगनाड ज्या दिवशी सगळ्यांना जमतं त्या दिवशी ठेवतात, कोल्बेन. सभा तशा दिवशी ठेवायची तयारी आहे तुझी? शनिवारी?"

"शनिवारी मी डोंगरातल्या माझ्या सुट्टीच्या केबिनवर असतो."

"मग झालं तर. माझी दुरुस्ती अशी: ज्याचा पगार बुडत नाही त्याने एक क्रोनरही घ्यायचा नाही, सुरुवात माझ्यापासून. ज्याचा बुडतो त्याला पूर्ण भरून द्यायचा."

कोल्बेन सहजासहजी सोडणारा नव्हता. "मग तोरुनने मतदानाला बाहेर बसावं. तिचा स्वार्थ आहे यात."

महापौर आस्लाऊग ही कोरड्या स्वभावाची बाई आहे. तिने कागदातून मानही वर केली नाही. "भत्त्यात स्वार्थ एकोणीस जणांचा आहे. सगळेच बाहेर बसा, मत कॉफीवाल्या बाई देतील. चालेल?" मग तिने विचारलं, "मूळ ठरावाच्या बाजूने कोण?"

हात वर गेले. मी मोजले नाहीत, कारण माझ्याच पक्षाचे चार हात त्यात दिसले. त्यांना तो ठराव मीच दोन आठवडे पटवला होता, आणि मी पटवायला बसलो की पटवतो.

"नऊ," आस्लाऊग म्हणाली. "विरोधात?"

दहा. दहावा हात माझा. दुरुस्तीही त्याच दहा हातांनी पास झाली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'हाल्वार स्केइदेने हाल्वार स्केइदेला पाडलं'. मारितने ते कापून फ्रिजवर लावलं, अजून आहे.

"विषय आठ," आस्लाऊग म्हणाली. "मुक्तीचा अर्ज."

"मागे घेते," तोरुन म्हणाली, आणि कोल्बेनकडे बघून, "हा उचलायचा असेल तर उचल हां." या खेपेला कोल्बेन सर्वांत आधी हसला.

मला हायसं वाटलं. वाटलं, एका माणसाचं भलं झालं, चूक सुधारली, आता जेवायला जाऊ. पण अजून विषय नऊ बाकी होता: खिंडीपलीकडच्या इन्स्ता वस्तीची शाळा बंद करून तिथली चौदा पोरं इकडच्या शाळेत आणायची. अहवाल आला होता, चाळीस पानी. इमारत जुनी, मुलं कमी, बसप्रवास पस्तीस मिनिटं. माजी मुख्याध्यापक म्हणून माझं मत सगळ्यांनी आधीच विचारलं होतं, आणि मी बंद करा म्हणून सांगून टाकलं होतं. विरोधात कोणीच नव्हतं.

तोरुनने हात वर केला.

"पस्तीस मिनिटं बरोबर आहेत," ती म्हणाली. "मे महिन्यात. नोव्हेंबरपासून खिंडीत बर्फाचे कडे सुटतात आणि रस्ता बंद करायचं फाटक पडतं. मग किनाऱ्याने वळसा. एक तास वीस मिनिटं जायला, तेवढीच यायला. गेल्या हिवाळ्यात इन्स्ताच्या शाळेचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं ना, तेव्हा सहा आठवडे ही चौदा पोरं मीच आणली."

"तेव्हा तर कुणाची काही तक्रार आली नाही," कोणीतरी म्हणालं.

"येणार कशी? पहिलीतल्या पोरांना एवढा वेळ शू धरवत नाही. त्या वळशावर थांबायला जागाही नाही, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी. मी त्यांना माझ्या मागच्या सीटवर बसवायची, मोठ्या पोरांना दिसू नये म्हणून. खोक्यात सुक्या चड्ड्या ठेवायची, माझ्या पोरांच्या जुन्या. बदलून शाळेत सोडायची. त्यांनी मला सांगितलं होतं, आईला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. आज सांगतेय, नावं न घेता."

आस्लाऊगने अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याकडे बघितलं. तो पोरगेलासा माणूस लाल होऊन म्हणाला, "अंतर नकाशावरून घेतलं होतं."

एकोणीस हात वर गेले, शाळा चालू ठेवायला. कोल्बेनचाही. तोरुनच्या खुर्चीवर त्या दिवशी तोर्मोद असता तर त्याचाही हात वर गेला असता, पण शाळा बंद करायच्या बाजूने, आणि माझ्यामागोमाग.

मी तो अहवाल दोनदा वाचला होता. पस्तीस मिनिटांच्या ओळीशेजारी, समासात, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'उत्तम.'