पोस्टमनच्या तुकड्यातला खटका

आमच्या ग्रुपचा पहिला नियम असा की गाणं पाठवायचं नाही. गाणं पाठवलं की घेवरचंदसेठ त्या माणसाला तिथल्या तिथे काढून टाकतात, मग तो त्यांचा सख्खा व्याही का असेना. एकदा व्याह्यांनाच काढलं होतं. त्या वर्षी राखीला सेठची मुलगी जिनल माहेरी आली ती तोंड फुगवून, आणि तिची समजूत मला काढावी लागली.

ग्रुपचं नाव 'पडद्यामागे'. सिनेमात प्रसंग चालू असताना मागे जे वाजत असतं, तेवढंच आम्ही ऐकतो. नायिका जिना उतरते, बाप घर सोडून जातो, कोणी पत्र वाचतं, तेव्हाची व्हायोलिनं, बासरी, नगारे. लोकांना ते वाजलं होतं हेही आठवत नाही. आम्हाला दुसरं काही आठवत नाही. रोज सकाळी सेठ विचारतात, "आज काय ऐकून राह्यले?" की वाशिम, कारंजा, रिसोडकडून तुकडे यायला लागतात आणि दिवसभर वाद. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी आमच्या घराच्या वरच्या खोलीत, सेठच्या मोठ्या स्पीकरांसमोर बैठक भरते.

सेठ माझे जेठ. मी पानाबाई, त्यांच्या धाकट्या भावाची बायको. आमच्याकडे जेठासमोर डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. अठ्ठावीस वर्षं झाली. काही सांगायचंच असलं तर ह्यांच्यामार्फत. पण ग्रुपवर मी त्यांना सोडत नाही. कायदा तोंडाचा आहे, बोटांचा नाही. ते वर बसून लिहितात की अमक्या तुकड्यात सतार उगाच घातली, मी खाली स्वयंपाकघरातून लिहिते की सेठजींनी एकदा कान तपासून घ्यावेत. दिवस मावळायच्या आत ते जेवायला बसतात, मी मुकाट्याने वाढते, ते मुकाट्याने जेवतात. जेठ-भावजयीचा कधी आवाज चढला नाही, म्हणून गल्लीत आमच्या घराचं नाव घेतात.

आता त्या तुकड्याबद्दल. पन्नास वर्षांपूर्वीचा पिक्चर, आठवडाभरही चालला नसेल. त्यात एक बाई ओसरीवर बसलेली आहे आणि पोस्टमन तिच्या दारावरून न थांबता पुढे जातो. संवाद एकही नाही. दोन मिनिटं दहा सेकंद नुसतं क्लॅरिनेट. आणि सूर वर चढून खाली वळतो तिथे एक बारीकसा आवाज येतो. टक्. असा चार वेळा.

या खटक्यावर आम्ही सहा महिने भांडलो. सेठ म्हणत, संगीतकाराने मुद्दाम लाकडी ठोकळा वाजवलाय. फोटो स्टुडिओवाला पियूष, जो कॉम्प्युटरवर जुन्या ध्वनीतली खरखर काढतो आणि म्हणून स्वतःला तज्ज्ञ समजतो, तो म्हणे पोस्टमनची काठी. मी तर कहर केला. मी दीड पानाचा लेख लिहिला. हा दाराच्या कडीचा आवाज आहे, बाईच्या मनात कडी वाजते पण दार कोणी उघडत नाही, सगळ्या तुकड्याचा जीव त्या एका टक्‌मध्ये आहे, आणि हे ज्याला सुचलं तो संगीतकार म्हणजे देवमाणूस. लेख पार नागपूरच्या ग्रुपांत फिरला. पुण्याहून कोणीतरी मला 'विदुषी' लिहिलं. खोटं कशाला बोलू, तो मेसेज मी माहेरच्या सगळ्यांना पाठवला. सेठनी लेख ग्रुपच्या अगदी वर लावून ठेवला. मला एक शब्द न बोलता, अर्थात.

ग्रुपात नमरा नावाची एक मुलगी आहे. मंगरूळपीरच्या फय्याजची. फय्याज ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो, आणि सेठच्या जुन्या मशीनला त्याच्याशिवाय दुसऱ्याने हात लावलेला सेठना खपत नाही. बैठकीला तो येतो, पण बसतो मशीनपाशी खाली, आणि त्याला वर बसा असं आजवर कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. नमरा कॉलेजात शिकते. वर्षभर ती ग्रुपवर नुसती ऐकत होती. मग एका सकाळी तिने लिहिलं:

"सेठजी, काल पोस्टमनचा तुकडा लावला होता. दादी भाजी निवडून राह्यली होती, तिचा हातच थांबला. म्हणे, हा तं तुह्या दादाचा बाजा हाय. तो टक् त्याच्याच चावीचा हाय."

तिचे दादा, म्हणजे आजोबा, सुभान मास्तर. मंगरूळपीरच्या बँडात क्लॅरिनेट वाजवत. लग्नसराई संपली की पावसाळ्याचे चार महिने मुंबईला जात आणि स्टुडिओत एखादा वादक आला नाही की त्याच्या जागी बसत. एकदा अनसिंगच्या वरातीत धक्का लागून क्लॅरिनेटची एक चावी तुटली. ती त्यांनी भांड्यांना डाग देणाऱ्याकडून जोडून घेतली. जोडताना ती केसभर लांब झाली, आणि त्या सुराला बोट पडलं की शेजारच्या चावीवर आपटायला लागली. मुंबईहून आले की मास्तर सांगत, पिक्चरमध्ये माहा बाजा हाय. गाव हसायचं, कारण पडद्यावर नाव तर कधीच दिसलं नाही. पुढे त्यांचं नावच 'फेकू मास्तर' पडलं. मयतीच्या दिवशीसुद्धा दारात कोणीतरी तेच नाव घेतलं, आणि ते मेहरबीने, म्हणजे नमराच्या दादीने, आतून ऐकलं.

दिवाळीला ग्रुपतर्फे शंभर तुकड्यांचा संग्रह इंटरनेटवर चढणार होता. नमराने मागितलं ते एवढंच, की या तुकड्याखाली 'क्लॅरिनेट: सुभान मास्तर, मंगरूळपीर' अशी एक ओळ असावी. दादी ब्याऐंशी वर्षांची आहे, तिच्या डोळ्यांदेखत व्हावं.

पियूषने आधी हसण्याची चित्रं पाठवली, मग लिहिलं, "मंगरूळात सगळ्यांचेच दादे मुंबईले होते काय?" सेठनी लिहिलं, "पुरावा आणा." हेच लोक. माझ्या कडीला यांनी पुरावा मागितला नव्हता.

दुसऱ्या रविवारी नमरा आणि फय्याज पुरावा घेऊन आले. जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली लाकडी पेटी. नमराने ती चावी सगळ्यांना दाखवली, डाग दिल्याची गाठ अजून होती. फय्याज बापाकडून थोडंफार शिकलेला. त्याने क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि तेवढीच जागा वाजवली, सूर चढून वळतो ती. टक्. पुन्हा वाजवली. टक्. मग नमराने मशीनवर मूळ तुकडा लावला आणि फय्याज त्याच्याबरोबर वाजवत गेला. दोन्ही खटके एकाच ठिकाणी पडले. चारही वेळा.

माझी दीड पानांची कडी त्या क्षणी मोडली आणि मला त्याचं तिळमात्र वाईट वाटलं नाही. मला वाटलं, आता सेठ उठतील आणि फय्याजला खुर्ची देतील.

सेठ म्हणाले, "म्हणजे बाजा बिघडलेला होता."

"हो ना सेठ," फय्याज हसून म्हणाला. बिचाऱ्याला ते कौतुक वाटलं.

"मंग हे संगीतकारानं केलेलं नाई. चुकून आलं हे."

"चुकून आलं असन तं काढाच लागते," पियूष लॅपटॉप उघडत म्हणाला. "पाच मिनिटं द्या मले."

आणि पाचच मिनिटं लागली हो! सहा महिने ज्या आवाजापुढे ही माणसं हात जोडत होती, तो मंगरूळच्या बँडवाल्याचा निघाला तर पाच मिनिटांत त्याचा केर झाला. मोठ्या माणसाने केला तर साक्षात्कार, सुभान मास्तरांनी केला तर बिघाड. आवाज तोच! कान तेच!

नमरा उभी राहिली. "सेठजी, ते काढलं तं माह्या दादाचं त्यात काय राह्यते? तेवढीच तं निशाणी हाय. गाव आधीच त्याले फेकू म्हणते."

"बेटा, वाजवणाऱ्याइचे नावं आपण देतच नाई," सेठ समजुतीच्या आवाजात म्हणाले. "किती जण वाजवतात, कोणाकोणाचे देणार? नियम हाय."

"पण खाली 'सफाई: पियूष' असं तं लिहून राह्यले तुमी."

"ते काम येगळं हाय."

नमरा माझ्याकडे वळली. "काकू, तुमीच लिहिलं होतं ना, सगळा जीव त्या एका टक्‌मध्ये हाय म्हणून? आता काहून चूप हा? सांगा ना यायले."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. सेठ नाही, ते खिडकीकडे पाहत होते. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, चहाचे कप गोळा केले आणि खाली आले. ग्रुपवर वाघीण, खोलीत मांजर. सेठवरचा राग, पियूषवरचा राग सगळं खरं, पण सिंकपाशी उभी राहून मी सर्वांत जास्त चरफडले ती स्वतःवर.

संध्याकाळी पियूषने साफ केलेला तुकडा ग्रुपवर टाकला. एकवीस जणांनी अंगठे दाखवले. 'काय क्लिअर झालंय!' 'आता खरा आनंद.' आदल्या आठवड्यापर्यंत यांचा खरा आनंद त्या खटक्यात होता.

सोमवारी दुपारी नमराचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, माझ्या एकटीला. "काकू, साफ केलेला तुकडा दादीले ऐकवला. म्हणे, हा तुहा दादा नोहे, हा कोणी दुसरा हाय. मंग आत जाऊन पडून राह्यली."

ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. कणीक अर्धी भिजवलेली तशीच ठेवली, हात धुतले आणि ग्रुपवर लिहिलं:

"माझा कडीचा लेख खोटा आहे, कोणी पुढे पाठवू नये. तिथे कडी नव्हती, काठी नव्हती, ठोकळाही नव्हता. तिथे एका माणसाचं बोट होतं. मूळ तुकडा जोडला आहे. क्लॅरिनेट: सुभान मास्तर, मंगरूळपीर. मास्तर खरं बोलत होते, आणि काल आपण सगळ्यांनी मिळून त्यांना पुन्हा फेकू ठरवलं. आपण म्हणे पडद्यामागचं ऐकतो. पडद्यामागचा माणूस पुढे आला तर त्याला पाच मिनिटांत पुसतो. लाज वाटू द्या. ही शिवी मला धरून आहे."

दोन मिनिटं गेली. वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. माझ्या फोनवर ओळ उमटली: घेवरचंदसेठ यांनी तुम्हाला काढून टाकलं. माझ्या डोक्यावरच्या खोलीत बसून त्यांनी मला काढलं. माझा लेख, मूळ तुकडा, मास्तरांचं नाव, सगळं मिटवलं. मी गाणं पाठवलं नव्हतं.

दिवस कलला. स्वयंपाक झाला होता. सेठ खाली आले नाहीत. हे दुकानात होते. उन्हं छपराला लागली तरी सेठ येईनात, म्हणून मी ताट वाढून वर घेऊन गेले. कितीही राग असला तरी मावळतीनंतर ते जेवणार नाहीत, आणि घरातला माणूस उपाशी ठेवणं माझ्याने होत नाही.

दार लोटलेलं होतं. मशीनवर पोस्टमनचा तुकडा लागला होता, पियूषने साफ केलेला. सेठ डोळे मिटून खुर्चीत बसले होते. मी उंबऱ्यातच थांबले. सूर वर चढला, वळला, आणि जिथे आता काहीच उरलेलं नव्हतं तिथे सेठच्या उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या लाकडी दांड्यावर पडलं. टक्.

त्यांना पत्ताच नव्हता. सूर पुन्हा चढला, वळला. टक्. बरोबर जागेवर, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. तिसऱ्यांदाही तेच.

माझ्या हातात ताट होतं आणि लिहायला ग्रुप उरला नव्हता. चौथ्यांदा बोट पडलं तशी मी म्हणाले, "जेठजी, सुभान मास्तर आले."

अठ्ठावीस वर्षांत मी त्यांच्याशी तोंडाने बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यांनी दचकून डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, आणि ते बोट मुठीत धरून ठेवलं. मशीनवर तुकडा अजून वाजत होता. मी ताट त्यांच्यासमोर ठेवलं, पदर नीट केला नाही, आणि तिथेच समोरच्या खुर्चीत बसले.