उंदरांपुरतं औषध

ताईचा पाय मांडीपासून कापावा लागेल, असं डॉक्टरांनी सकाळी सांगितलं आणि दुपारी भावजी प्रयोगशाळेचं दार लाथेनं उघडून आत आले.

ताईची धाकटी बहीण तिथं एकटीच होती. बाकीचे जेवायला गेले होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ताईच्या सांध्यात शिरलेल्या जंतूंना बाजारातलं एकही अँटिबायोटिक जुमानत नव्हतं. धाकटी त्याच जातीच्या जंतूंवर काम करायची. तिच्या गटाला सापडलेलं नवं रसायन त्यांचा फडशा पाडत होतं, हे तिनंच घरी कौतुकानं सांगितलं होतं.

"कुठंय ते औषध?"

"भावजी, ते औषध नाहीये अजून. जंतू मरतात, पण मागोमाग उंदरांची मूत्रपिंडंही जातात."

"उंदरांचं कौतुक मला सांगू नकोस! बहीण आहेस की वैरीण?"

त्यांनी तिचे केस धरून तोंड फ्रीजच्या दारावर आपटलं. ओठ फाटला. मग फ्रीजमधले डबे भराभरा बाहेर आले, टेबलावरचे चंबू खाली फुटले आणि जंतूंनी गढूळलेलं पाणी फरशीभर पसरलं. कुप्यांचा ट्रे तिच्या नाकासमोर धरून ते ओरडले, "यातली कुठली?"

कुठल्याही कुपीवर बोट ठेवलं असतं तर सुटका होती. पण जी दाखवावी ती ताईच्या शिरेत जाणार. धाकटीनं दोन्ही हात पाठीमागे धरले. भावजींनी तिला टेबलावर उताणं पाडून गळा आवळला. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा तिच्या हाताला चंबू धरायच्या स्टँडची लोखंडी दांडी लागली.

पहिल्या फटक्यात मनगट मोडल्याचा आवाज आला. गळा सुटला. दुसरा फटका खांद्यावर बसला. तिसऱ्याची काही गरज नव्हती, तरी तिनं तो दात-ओठ खाऊन घातला, आणि तिला बरं वाटलं.

भावजी पाय घसरून काचांवर पडले. दुसरा तळहात चिरला गेला. गढूळ पाण्यात रक्त मिसळताना पाहिलं आणि धाकटीच्या हातून दांडी गळाली.

"उठा! हात वर धरा!" तिनं कॉलर धरून त्यांना नळापाशी फरफटत नेलं, धार सोडली, मग जखमेवर जंतुनाशक ओतलं. ते गुरासारखे ओरडले.

"हवं तेवढं बोंबला, पण हात हलवू नका. ताईच्या पायातलेच जंतू आहेत ते."

भावजी मग हमसून रडायला लागले.

डॉक्टरांनी तळहाताचं मांस खरवडून काढलं. तरी दोन बोटं गेलीच. धाकटीनं पोलिसांत तक्रार दिली. ताईनं मात्र कुणाचीच वाट पाहिली नव्हती. भावजी प्रयोगशाळेत तोडफोड करत होते तेव्हाच तिनं ऑपरेशनला स्वतः होकार देऊन टाकला होता. पाय गेला, ताई वाचली.

शुद्धीवर आल्यावर तिनं धाकटीचा सुजलेला चेहरा बराच वेळ न्याहाळला.

"यांनी?"

"हो. मग मीही मारलं. जरा जास्तच."

"मला कधी बोटही लावलं नाही गं त्यांनी." ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज कोरडा होता. "तक्रार मागे घेऊ नकोस."

"आणि भेटायला आले तर?"

"आत्ता नको." तिनं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. "तू बस इथं. भूक लागलीय मला."