चौथं शील

मालकाच्या मुलानं बाबांना कामावरून काढलं ते उभ्या उभ्या. अफझलगंजला मालकाचं औषधांचं गोदाम आहे. तिथून दुकानांना माल पाठवायचं काम बाबा सोळा वर्षं बघत होते. एका संध्याकाळी मुलगा म्हणाला, "तातेराव, कल से आना नक्को." कागद नाही, कारण नाही. चहा मात्र पाजला. अशा लोकांचा चहा फार गोड असतो.

घरी येऊन बाबांनी काळजी कशाची करावी, तर माझ्या लग्नाची! नांदेडच्या प्रतापरावांच्या मुलाशी माझं जमलं होतं. हाकललेल्या माणसाची पोरगी कोण करून घेतं, असं त्यांच्या डोक्यात बसलं. मी म्हटलं, नाही केली तर नाही केली. पण माझं ऐकतील ते बाबा कसले! त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, आपण आपल्या मर्जीनं काम सोडलं.

वस्तीतल्या भल्या माणसांना ते खरंच वाटलं. रविवारी विहारात वंदना झाली, सगळ्यांनी पंचशील घेतलं आणि लगेच बाबांचा सत्कार ठेवला. शाल, हार, टाळ्या. बाबा बोलायला उभे राहिले, "मी स्वखुशीनं काम सोडलं. मालकांनी मला घरच्यासारखं ठेवलं." आई खाली मान घालून बसली होती. प्रतापरावांनी बघावं म्हणून बाबांनी तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला. मालकाच्या मुलाचा नंबरही त्याच मोबाइलमध्ये आहे, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

चिक्कडपल्लीच्या इंदुताई कामगारांच्या केसेस लढतात. त्यांच्याकडे मीच बाबांना ओढत नेलं. त्या म्हणाल्या, "काढायचं तर महिनाभर आधी नोटीस द्यायची, नाहीतर त्या महिन्याचा पगार. हा तुमचा हक्क आहे, तातेराव, भीक नव्हे." लग्नाच्या हॉलचे उरलेले पैसे त्यातून भागणार होते. परतताना बसमध्ये बाबा स्वतःशीच 'हक्क' म्हणाले. मला वाटलं, आपण जिंकणार. वेडी आशा, दुसरं काय!

इंदुताईंनी अर्ज केला. कामगार कार्यालयात सुनावणीला मालकाच्या वकिलानं तोच व्हिडिओ लावला, टाळ्यांसकट. वर म्हणतो, हे स्वतःहून गेले, म्हणजे नोटीस यांनीच द्यायला हवी होती. उलट हेच आम्हाला महिन्याचा पगार देणं लागतात. चोर तो चोर, वर शिरजोर.

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं व्हिडिओ बंद करायला लावला आणि शांतपणे विचारलं, "तातेराव, उधर झूट बोले की इधर बोल रै? एक बात बोलो."

"सांगा, अब्रूसाठी तसं बोललो म्हणून," इंदुताई कुजबुजल्या. "कुणी फासावर देत नाही." मी बाबांचा हात दाबला.

"नै साब," बाबा म्हणाले. "उधर सच बोला."

संपलं. अधिकाऱ्यानं आणखी एकदा विचारलं, बाबांनी तेच सांगितलं, आणि आमचा अर्ज फेटाळला गेला. इंदुताई कागद आवरू लागल्या.

जिन्यात मी ओरडलेच, "बाबा, का?"

"बेटा, विहारात खोटं बोललो असं कोणत्या तोंडानं सांगू? तेव्हा नुकतंच शील घेतलं होतं सगळ्यांसमोर. इथं खोटं बोललो तर नुसते पैसे गेले."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्याहून जास्त त्यांची कीव आली, आणि कीव आली याचाही राग आला.

पुढच्या रविवारी आम्ही विहारात गेलो. वंदनेत बाबांचा आवाज नेहमी सगळ्यांच्या वर असतो. लहान मुलं त्यांच्या मागं मागं म्हणतात. तीन शीलं त्यांनी खणखणीत म्हटली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. बाबांचे ओठ मिटले. मुलं गोंधळून त्यांच्याकडे बघू लागली.