अळंबीची खालची बाजू

रोह्याकडच्या डोंगराळ गावातला कमळाकर नागोठण्याच्या एका कंपनीत कामाला होता, पण पंचक्रोशीत लोक त्याला ओळखायचे ते अळंबीमुळे. श्रावणात वारुळांवर अळंबी फुटली, की कुणीही टोपली घेऊन आधी त्याच्या पडवीत यायचं. वडिलांनी त्याला शिकवलं होतं : वरून बघून काही बोलायचं नाय. उलटी कर, खालचे पापुद्रे पांढरे हायत का बघ. देठ मुळासारखा खोल वारुळात गेलाय का बघ. देठाला बांगडीसारखं कडं दिसलं, की तिथंच टाकून दे. कमळाकरही तसंच करायचा. त्याच्या शब्दावर लोक डोळे मिटून चूल पेटवायचे, आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

कंपनीतला त्याचा जिवाभावाचा मित्र म्हणजे हरेश. तो वडखळच्या पुढचा, खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरातला. तिथल्या खाऱ्या जमिनीत, खारपाटात, असली अळंबी कुठली? पण कमळाकरनं एकदा सागाच्या पानांत बांधून नेली आणि हरेशच्या आईला, सगुणाबाईंना, तिचं वेडच लागलं. तेव्हापासून दर श्रावणात तो त्यांच्यासाठी वाटा न्यायचा. त्या स्वतः चुलीशी बसायच्या आणि पहिलं ताट त्याला वाढायच्या.

त्या वर्षी मात्र कमळाकरचं जाणं झालं नाही. घराचं पत्र्याचं काम निघालं होतं, त्यात कंपनीत ओव्हरटाइम. सगुणाबाईंनी हरेशच्या फोनवरून विचारलंही, "काय रं कमळाकरा, यंदा इसरलास काय मना?"

"नाय गो आई, या रविवारी आणतो," तो म्हणाला.

तो रविवार गेला, पुढचाही गेला.

मग एका सकाळी, हरेशची सुट्टी होती आणि कमळाकरची पहिली शिफ्ट. कँटीनमध्ये नाश्ता करताना त्याच्या मोबाईलवर हरेशचा फोटो आला. परातीत पांढरी टपोरी अळंबी, टोप्यांवर मधोमध तपकिरी खवले. खाली लिहिलं होतं : 'प्लॉटिंगच्या गवतात सापडली. हीच ना रे? आई खूश होईल.'

कमळाकरनं फोटो मोठा केला. सगळ्या टोप्या वरून काढलेल्या. गवतात कशी आली, असं त्याच्या मनात आलं. उलटी करून एक फोटो पाठव म्हणून लिहावं, असंही आलं. तेवढ्यात सुपरवायझरनं दारातून हाक मारली. त्याला वाटलं, आपण नेली नाहीत, निदान म्हातारीला ही तरी मिळू देत. त्यानं उठता उठता लिहिलं : 'भारी हायत! आलं-लसूण घालून करा. माझा वाटा ठेव.' आणि मोबाईल खिशात टाकला.

शिफ्ट सुटल्यावर त्यानं मोबाईल पाहिला तर हरेशच्या मुलीचे, सुरभीचे कितीतरी कॉल येऊन गेले होते. त्यानं लगेच परत फोन लावला.

"काका! आई, पप्पा, आजी सगळे उलट्या करतायत. शेजारच्यांनी पेणला दवाखान्यात आणलंय. मी ती भाजी खाल्ली नव्हती."

कमळाकरनं मोटरसायकल थेट हरेशच्या घरी नेली. ओट्यावर परात तशीच होती, तळाशी न चिरलेली दोन-तीन अळंबी. त्यानं एक उचलून उलटी केली. पापुद्रे हिरवट. देठावर कडं, बोटानं वर-खाली सरकणारं. घाबरायला त्याला वेळच नव्हता. ती अळंबी कागदात गुंडाळून तो दवाखान्यात पोचला आणि डॉक्टरांच्या हातात दिली.

"ही कोणी ओळखली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," कमळाकर म्हणाला.

हरेश आणि त्याची बायको दिशा सलाईनवर सावरले. सगुणाबाईंचं वय झालं होतं, त्यात आधीपासून किडनीचं दुखणं. अंगातलं पाणी गेलं ते भरून येईना. त्यांना पनवेलला हलवलं. कमळाकर रजा टाकून बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. एकदा त्याला आत सोडलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले, त्याचा हात चाचपला आणि विचारलं, "जेवलास काय रं?" त्या आठवड्यातच त्या गेल्या.

तेराव्याला कमळाकर गेला. मंडपात कुणी विचारलं, की हरेश सांगायचा, "आईलाच हौस होती हो. आम्हीच कुठली तरी उचलून आणली." कमळाकरचं नाव त्यानं एकदाही काढलं नाही. शेवटी कमळाकरनंच त्याला घरामागच्या बांधावर गाठलं.

"हरेश, मी नीट बघितलं नाय रे. घाईत लिवून मोकळा झालो."

हरेशनं खाडीकडे तोंड फिरवलं. "मला ठाव हाय. नीट बघितलं असतंस तर बोलला असतास."

"शिव्या तरी दे."

"शिव्या देऊन काय? उद्या शिफ्टला ये."

निघताना दिशा दारापर्यंत आली. रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज शांत होता. "भाऊजी, सांगू नये असं वाटतं, पण मनात ठेववत नाय. आई ताटाला हात लावत नव्हत्या. म्हणाल्या, कमळाकरानं आणलेली नाय, मी नाय खात. मग ह्यांनी तुमचा मेसेज वाचून दाखवला. तेव्हा जेवल्या. पुन्हा मागून घेतली."

कमळाकरनं गाडीपाशी येऊन मोबाईल काढला आणि तो मेसेज पुन्हा वाचला.

हरेश त्याच्याशी वाईट वागला नाही. नंतर त्यानं शिफ्ट बदलून घेतली, एवढंच. आता गेटवर भेट झाली तर दोघं मशीनचं बोलतात, पावसाचं बोलतात. एकमेकांच्या घरी जाणं राहून गेलं ते गेलंच.

पुढच्या श्रावणात कोलाडहून नूतनचा, त्याच्या चुलतबहिणीचा, फोन आला. "दादा, फोटो पाठवू?"

"फोटो नको. मी येतो."

तो गेला. अंगणात टोपली भरून अळंबी होती. त्यानं एकेक हातात घेतली, उलटी केली. पापुद्रे पांढरेशुभ्र, टोपीला मधोमध टोक, कडं कुठंच नाही, देठाला वारुळाची लाल माती चिकटलेली. नूतननं स्वतः त्याला वारूळ नेऊन दाखवलं. सगळं वडिलांनी सांगितल्याबरहुकूम होतं. नूतनची पोरं चुलीभोवती जमली होती.

"चांगली हायत ना, दादा?"

चांगली आहेत, हे त्याला पुरतं दिसत होतं. त्यानं बोलायला तोंड उघडलं आणि त्याला सगुणाबाईंचं ताट दिसलं.

"नको गो," तो म्हणाला. "टाकून दे."

"अरे, पण काय वाईट हाय त्यात?"

"मला नाय सांगता येत. टाक."

नूतननं त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि टोपली उकिरड्यावर रिती केली. पोरं हिरमुसून घरात गेली. पांढरी, ताजी, उत्तम अळंबी चिखलात पडली होती, आणि ती ओळखणारा माणूस तिच्याकडे बघत अंगणात उभा होता.