घासलेला रुपया

गुरुदत्त निघोज्याच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. दिवसभर पार्ट उजेडात तिरपे धरायचे आणि ओरखडे शोधायचे, हेच काम. वीस वर्षांत नजर अशी तयार झाली होती की जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणी फोटो टाकला, की बाकीचे थांबायचे. "गुरुदत्तभाऊ काय म्हणतात बघू." त्याला ते आवडायचं.

ग्रुपवरून नंबर मिळवून दापोडीच्या कुसुमताईंनी त्याला फोटो पाठवला. नवरा वर्षापूर्वी वारला होता, त्याच्या पेटीत १९०४ चा एडवर्ड राजाचा रुपया सापडला होता आणि तो विकायचा होता. ट्यूबलाइटखाली, स्टीलच्या ताटलीत ठेवून काढलेला फोटो. नाणं करडं, कडेला निळसर-काळं. गुरुदत्त तेव्हा कॅन्टीनमध्ये होता. एका हातात चहा. त्यानं दहा सेकंद पाहिलं आणि लिहिलं, "काळा पडलाय, डाग दिसतात. उन्हात स्पष्ट फोटो काढा."

दुसऱ्या दिवशी फोटो आला. रुपया आरशासारखा लखलखत होता. खाली ओळ होती, "आता बघा. रांगोळीनं छान घासलाय."

गुरुदत्तनं फोटो मोठा केला, तर राजाच्या गालावर बारीक रेघाच रेघा दिसल्या. मग त्यानं पहिला फोटो लॅपटॉपवर उघडला आणि या खेपेला सावकाश पाहिला. वापरात सगळ्यात आधी झिजतात ते कानावरचे केस. इथं त्यांची बट न् बट वेगळी होती. म्हणजे रुपया फारसा कुणाच्या हातातून गेलाच नव्हता. तो काळेपणा मळ नव्हता. शंभर-सव्वाशे वर्षांत चांदीवर चढलेली साय होती ती, आणि हौशी माणूस त्याच सायीवर जीव टाकतो.

"चांदीच्या भावात जाईल," एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. ते खोटंही नव्हतं आता. त्यानं तसं टाइप केलं, पुसलं आणि गुरुवारच्या सुट्टीला दापोडी गाठली.

कुसुमताईंनी पाणी दिलं. त्यानं पेला खाली ठेवून सरळ सांगितलं, "ताई, चूक माझी आहे. ते डाग नव्हते. तसाच राहिला असता तर चांदीच्या कितीतरी पट पैसे आले असते."

त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अख्खी दुपार घासत बसले होते मी. हात भरून आले. तुम्ही एवढे जाणकार, मग नीट बघून का नाही बोललात?"

"घाईत बघितलं."

"पुन्हा काळा होईल का?"

"होईल, सावकाश. पण ओरखडे जायचे नाहीत."

"यांचंही असंच होतं," त्या एकदम म्हणाल्या. "पेटीला हात लावू द्यायचे नाहीत. का, ते कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी कशाला घासला असता?" मग त्या उठल्या आणि आतून कागदाची पुडी घेऊन आल्या. "अजून दोन आहेत. हे घासले नाहीत. आता हातात घेऊन सांगा."

गुरुदत्त खिडकीशी गेला. नाणी कडेनं धरून त्यानं एकेक बाजू उजेडात फिरवली. एक पार झिजलेलं होतं, तसं त्यानं सांगून टाकलं. दुसरी अधेली होती, त्याच राजाचा अर्धा रुपया, जुन्या सायीसकट.

"ही चांगली आहे, ताई. हिला पाणीसुद्धा लावू नका."

"ही विका. घासलेला राहू दे माझ्याकडे, देव्हाऱ्यात ठेवीन." मग त्यांनी फोन त्याच्या हातात दिला. "फोटो तुम्हीच काढा."

गॅलरीत तिरपं ऊन आलं होतं. रुमाल अंथरून त्यानं अधेली त्यावर ठेवली. पहिल्या फोटोत राजाचा चेहरा पांढरा पडला, दुसऱ्यात त्याच्याच हाताची सावली आली. त्यानं रुमाल थोडा सरकवला आणि पुन्हा वाकला. कुसुमताई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी घाई केली नाही.