किल्ली सिस्टरकडे

दवाखान्याच्या बोळात, पाण्याच्या नळाशेजारी, निरोध आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा उघडा डबा असायचा. ज्याला हवं त्याने न्यावं, कुणी काही विचारायचं नाही. दवाखान्याच्या समितीच्या अध्यक्ष बाईंना मात्र वाटलं, पोरी बिघडतात त्या यामुळेच, डबा कुलपात ठेवा. तरुण डॉक्टरने आकडे सांगून सांगून घसा कोरडा केला. मतं निम्मी निम्मी पडली आणि सगळ्यांच्या नजरा उरलेल्या एका मताकडे, दवाखान्याच्या सिस्टरकडे वळल्या.

सिस्टरने कुलपाच्या बाजूने हात वर केला. अध्यक्ष बाईंशी वाकडं कोण घेणार? शिवाय पंचवीस वर्षांच्या नोकरीचा तोरा होताच. "किल्ली माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "पोरी माझ्यापाशी मोकळं बोलतात." डबा तिच्या खणात गेला. महिन्याला जेमतेम चारजणी मागायला येत. अध्यक्ष बाई खूश, सिस्टर निर्धास्त.

बहीण गेल्यापासून तिची मुलगी सिस्टरकडेच होती. एकोणीस वर्षांची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. एका सकाळी कपडे वाळत घालताना पोरीचं पोट सिस्टरला दिसलं. जगातल्या पोरींना दिवस गेलेले नुसत्या चालीवरून ओळखणारी बाई घरातच आंधळी राहिली होती. सहावा महिना सरत आला होता, काही करायची वेळ टळून गेली होती.

"अगं, मला सांगायचंस तरी!"

"त्या डब्यासाठी आले होते मावशी, दवाखान्यात, दोनदा. रांगेत उभी राहिले. नंबर आला की डोकं दुखतंय म्हणायचे आणि तू डोकेदुखीची गोळी द्यायचीस."

"मी काय खाल्लं असतं तुला?"

"दुसरी कुणी सिस्टर असती तर मागितलं असतं गं. तुझ्यापुढे तोंडच उघडेना."



पुढच्या बैठकीत डॉक्टरने सांगितलं, कोवळ्या वयात दिवस गेलेल्या पोरी गेल्या वर्षी सहा होत्या, यंदा तेरा.

"पण मागायला कुणी येतच नाही," अध्यक्ष बाई म्हणाल्या. "मग गरज आहे कुणाला?"

सिस्टर उठली. भाचीला विचारूनच आली होती. "माझ्या भाचीला होती. समोर मी बसले होते, म्हणून तिला मागता आलं नाही."

डबा परत बोळात ठेवायचं ठरलं, कुणी आडकाठी केली नाही.

ती घरी आली तेव्हा भाची कॉलेजची पुस्तकं मैत्रिणीला द्यायला बांधत होती.

"राहू दे, पुढे लागतील तुला," मावशी म्हणाली.

भाचीने मान डोलावली आणि गाठ घट्ट ओढली.